कलेजी, चरबी आणि रसायनाची खोली

उत्प्रेरक म्हणजे काय, हे मी तराझ गावातल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवतोय. फळ्यावर व्याख्या लिहायची: जो पदार्थ क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्च होत नाही, तो उत्प्रेरक. खाली दोन रेघा मारायच्या, मुलांनी ते उतरवून घ्यायचं, परीक्षेत लिहायचं आणि जूनमध्ये विसरायचं. इतका निरुपद्रवी धडा आहे तो. त्या धड्यापायी माझी बायको माझ्याशी बोलायची बंद होईल, माझ्या मुलीचं लग्न मला न विचारता ठरेल आणि सबंध इमारत माझ्याकडे पेढ्यांची वाट बघत बसेल, असं कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही. मी नंतर मुद्दाम दोन आवृत्त्या चाळून बघितल्या.

सुरुवात आमच्या मुख्याध्यापिका राउझा मारातोव्हना यांनी केली. बाई चौतीस वर्षांच्या, हुशार, टापटीप आणि माझ्याच विद्यार्थिनी. नववीत मी त्यांना रसायनशास्त्रात पाचापैकी चार गुण दिले होते. बाकी सगळ्या विषयांत पाच. त्या हे विसरल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि चहा दिला म्हटल्यावर मी समजलो की काहीतरी काढून घेणार आहेत. रसायनाची खोली काढून घेणार होत्या. तिथली नळाची टेबलं, धुराचं कपाट, काचेच्या नळ्या सगळं उचलायचं आणि भिंतभर पडदा लावायचा. प्रयोग पडद्यावर दाखवायचे. काही फुटत नाही, काही सांडत नाही, वासही येत नाही.

वास येत नसेल तर ते रसायनशास्त्र कसलं, असं मी विचारलं. त्या गोड हसल्या. मग मी अडून बसलो. माझा स्वभाव तसा गरीब आहे, पण एकदा अडलो की आमच्या कुल्याशच्या शब्दांत सांगायचं तर पुलावर बसलेलं गाढव बरं. माझ्या बायकोचं नाव कुल्याश. तासभर वाद झाला आणि शेवटी अट ठरली. येत्या गुरुवारी, पहिल्या तासाला शिक्षण खात्याची समिती माझा धडा बघायला येईल. समितीच्या डोळ्यांदेखत, मुलांच्या हातून एक खराखुरा प्रयोग यशस्वी झाला तर खोली राहील. नाही झाला तर शुक्रवारी सुतार येतील. सुताराला फोन आधीच केलेला होता, हे मला शिपायाकडून कळलं.

नववीचा त्या आठवड्याचा धडा उत्प्रेरकाचा. प्रयोग ठरलेला. हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायचं, म्हणजे जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच. ते एरवी नुसतं पाण्यासारखं बसून असतं. त्यात चिमूटभर काळी पूड टाकायची, मँगनीज डायऑक्साइडची, की लगेच ऑक्सिजनचे बुडबुडे उसळतात. शेवटी पूड गाळून वाळवली की जेवढीच्या तेवढी. मी कपाट उघडलं. पुडीच्या बरणीवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती आणि आत काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेली रसायनं समिती नेमून नष्ट करण्यात आली होती. त्या समितीत मीही होतो. सहीसुद्धा माझीच आहे.

नवीन पूड मागवायची तर सरकारी खरेदीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. अर्जाला डिजिटल सही लागते. माझ्या डिजिटल सहीची मुदत संपली होती. सेवा केंद्रात गेलो, नंबर लावला, दीड तास बसलो. खिडकीतल्या मुलीने सही नवी करून दिली आणि विचारलं की आगाय, तुम्ही अजून शिकवता? आगाय म्हणजे आमच्याकडे सर. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. ह्या गावात मला कुठल्याही खिडकीवर निनावी अपमान करून घेता येत नाही. सही घेऊन मी अर्ज भरला, पोर्टलने तो प्रेमाने स्वीकारला आणि कळवलं की मालाचा पुरवठा पंचेचाळीस कामकाजी दिवसांत होईल. गुरुवार तीन दिवसांवर होता.

आमच्या इमारतीत माणसाची अडचण त्याच्या आधी जिना चढते. तिसऱ्या मजल्यावरचा ओस्पान टॅक्सी चालवायचा. तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला की उत्प्रेरक काय, त्यात काय एवढं, मी माझ्या गाडीखालचा उत्प्रेरकाचा डबा गेल्या वर्षीच कापून विकला. बरे पैसे आले आणि गाडीही हलकी पळते. त्याला मी दारातच उभा करून समजावलं. बाबा रे, त्या डब्यातल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनमचा पातळ थर असतो, विषारी धूर त्यावरून जाताना निरुपद्रवी होतो, आणि ते प्लॅटिनम वर्षानुवर्षं तसंच राहतं. तू जे विकलंस ती तुझ्या नातवंडांच्या फुप्फुसांची राखण होती. ओस्पानने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग गुरुवारी मुलांना गाडीखाली झोपवून दाखवणार होतास का?

त्यानंतर मी जेवायला बसलो आणि घास घेता घेता मला सुचलं. निसर्गाने काळी पूड मागवायला पोर्टलवर कधी अर्ज केला नाही. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या शरीरात पेरॉक्साइड तयार होतं आणि ते मोडायला शरीरानेच एक उत्प्रेरक बनवून ठेवलाय. त्याला एन्झाइम म्हणतात. रक्तात असतो, बटाट्यातही असतो, पण सगळ्यात जास्त असतो कलेजीत. ताज्या कच्च्या कलेजीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पेरॉक्साइडमध्ये टाकला तर फेस नळीच्या बाहेर येतो. शेवटच्या बाकावरून दिसतो. मला इतका आनंद झाला की मी पानावरून उठलो. कुल्याशने विचारलं काय झालं, तर मी नुसतं कलेजी एवढंच म्हणालो. तिने माझ्या पानाकडे बघितलं. पानात भोपळा होता.

बुधवारी सकाळी कुल्याश तिच्या बहिणीकडे गेली आणि मी बाजारात अब्दीमानापकडे गेलो. अब्दीमानाप हा आमचा खाटीक, हातभर रुंद मनगटाचा, बोलका माणूस. मी त्याला सांगितलं की मला मेंढीची सबंध कलेजी हवी, आजच कापलेल्या जनावराची. शिळी अजिबात चालणार नाही, उद्या सकाळी महत्त्वाचे पाहुणे येणार आहेत, ते बघून ठरवणार आहेत, आणि त्यांच्यापुढे फजिती झाली तर एकतीस वर्षांचं नाव जाईल.

आता ह्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण तराझमध्ये एखादा बाप माणूस, ज्याला लग्नाची मुलगी आहे, असं बोलून ताजी कलेजी मागतो तेव्हा ऐकणाऱ्याला एकच गोष्ट समजते. सोयरिक ठरताना आमच्याकडे दोन्ही घरची माणसं मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एका ताटात खातात. कुइरिक-बाउर म्हणतात त्याला. ती खाल्ली की शब्द पक्का. मग कोणी मागे फिरलं, तर जुन्या काळी पंच बाकी काही विचारायचे नाहीत, फक्त चरबी-कलेजी खाल्ली होती का, एवढंच विचारायचे. खाल्ली असेल तर खटला संपला. अब्दीमानापने माझ्याकडे बघितलं, हात पुसले, कलेजी निवडून दिली आणि विचारलं, चरबी किती देऊ? मी म्हटलं चरबी नको. त्याने मान हलवली. मास्तर माणूस, हातात पैसे नसतील, पण लाज राखली पाहिजे, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने शेपटीचा हा एवढा थोरला तुकडा कापला, कलेजीबरोबर बांधला, पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि दोन्ही हातांनी माझा हात दाबून म्हणाला की देव बरं करो. मला वाटलं, शिक्षणाविषयी लोकांना अजून आस्था आहे. डोळे भरून आले माझे.

पुडकं घरी आणून मी कलेजी स्टीलच्या डब्यात घातली, वर चरबी ठेवली, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि औषधाच्या दुकानात गेलो. पेरॉक्साइडच्या बाटल्यांचा ढीग मागितल्यावर दुकानदार बाईंनी आधी माझ्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघितलं आणि मग हळूच सांगितलं की रंग उतरवायचा असेल तर वहिनींना सलूनमध्येच न्या, घरी केस जळतात. मी पावती घेतली आणि बाहेर पडलो. तिथून शाळेत जाऊन नळ्या धुतल्या. चोवीस मुलं, चोवीस नळ्या. एकेक उजेडात धरून बघितली.

संध्याकाळी पाचला परत आलो तर अंगणातल्या बाकावर सात बायका बसल्या होत्या आणि मधोमध रिस्ती आपा. रिस्ती आपा तळमजल्यावर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, आणि इमारतीचा कारभार त्या बाकावरून चालतो. अब्दीमानाप त्यांचा सख्खा भाचा, हे मला माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही, इतकंच. मला बघून त्या उठल्या, माझ्या अंगावर मूठभर चॉकलेटं उधळली आणि म्हणाल्या, छुपा रुस्तम निघालास. मग सगळ्यांनी चॉकलेटं गोळा केली, कारण शुभकार्यातली चॉकलेटं वाया घालवत नाहीत.

मी म्हटलं, आपा, कसली सोयरिक, काही ठरलेलं नाही. त्या कौतुकाने हसल्या. खरा बाप शेवटपर्यंत नाहीच म्हणतो, दृष्ट लागू नये म्हणून. मी जितक्या जोरात नाही म्हणालो तितकी त्यांची खात्री पटत गेली. शेवटी वैतागून मी ओरडलो की अहो, पाहुणे घरी येणारच नाहीत, ते उद्या साडेआठला शाळेत येणार आहेत, माझ्या वर्गात. मग एक बाई म्हणाली की हल्ली लोक हॉटेलातसुद्धा ठरवतात. दुसरी म्हणाली, मुलाकडचे शिकलेले असतील. रिस्ती आपांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलेलं मला दिसलं, पण तोवर ते शब्दशः शिजूनही झालंय हे मला कळलं नाही.

घरात कुल्याश होती. ती बहिणीकडून परतताना बसमध्येच तिघींनी तिचं अभिनंदन केलं होतं. पोटच्या पोरीची सोयरिक आणि आईला बसमध्ये कळावी. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पूड, पोर्टल, पेरॉक्साइड. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा दगड होत होता. तिला वाटलं की हे सगळं मी रचतोय. तेवढ्यात अल्माटीहून बालजानचा फोन आला. बालजान आमची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, तिथे विमा कंपनीत नोकरी करते. तिला कुणीतरी आवाजी संदेश पाठवला होता.

"बाबा, मी रागावत नाही," ती म्हणाली, "फक्त नवरा कोण आहे तेवढं सांगा. ऑफिसात विचारतायत."

मी म्हटलं नवरा नाही, प्रयोग आहे. ती म्हणाली की आईला द्या. कुल्याशने फोन घेतला, आतल्या खोलीत गेली, आणि तिथपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हा अबोला मी मुद्दाम सांगतोय, कारण ती बोलती असती तर तिने मला एक साधी गोष्ट सांगितली असती. मी शाळेत नळ्या धूत होतो तेव्हा रिस्ती आपा झाडांना पाणी घालायला म्हणून त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने आमच्या घरात शिरल्या होत्या, फ्रिजमधला डबा त्यांनी खाली नेला होता, आणि बायकोविना पुरुष सोयरिकीचा खाना काय करणार, ह्या दयेपोटी काम उरकून डबा जागच्या जागी आणून ठेवला होता. कुल्याशने डबा उघडून बघितला होता. मी नाही बघितला. मी सकाळी तो तसाच पिशवीत घातला आणि निघालो.

गुरुवारी साडेआठला समिती आली. समिती म्हणजे शिक्षण खात्याचे सागिंदिक ओराझबायउली आणि त्यांच्याबरोबर टॅबलेट घेतलेली एक बाई. सागिंदिक थोराड बांध्याचे, पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते मागच्या बाकावर बसले तेव्हा बाक करकरला. राउझा मारातोव्हना त्यांच्या शेजारी. मी कोट घातला होता. फळ्यावर व्याख्या लिहिली, दोन रेघा मारल्या. चोवीस नळ्यांमध्ये मुलांनी पेरॉक्साइड ओतलं. मी म्हटलं, मुलांनो, आता निसर्गाचा उत्प्रेरक बघा, आणि डबा उघडला.

डब्यात उकडलेल्या कलेजीच्या पातळ चकत्या होत्या, एक करडी, एक चरबीची पांढरी, एक करडी, एक पांढरी, अशा गोल रचलेल्या. मधे कांदा. वर मिरपूड.

वर्गात पसरलेला वास इतका सुंदर होता की सागिंदिक साहेबांची मान आपोआप वर झाली. मुलं एकेक करून तोंड दाबायला लागली. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं मी म्हणणार नाही, कारण जमीन जागेवर होती. मीच कुठेतरी गेलो होतो. त्याच क्षणी मला राउझा मारातोव्हनांचा चेहरा दिसला. त्यात दुष्टपणा नव्हता, कीव होती. ती बघितली आणि माझ्यातलं ते पुलावरचं गाढव उभं राहिलं. खोली जायची असेल तर जाऊ दे, पण धडा मी पुरा करीन. मी कांदा बाजूला केला, चकत्यांचे तुकडे केले आणि प्रत्येक बाकावर एकेक करडा तुकडा ठेवला. टाका, म्हटलं.

मुलांनी टाकले. काही झालं नाही. चोवीस नळ्यांच्या तळाशी चोवीस तुकडे बसले आणि त्यांनी मुळीच हालचाल केली नाही.

पहिल्या बाकावर किम्बात नावाची मुलगी बसते. ती सगळं विचारते, आणि तिच्यामुळे मी दरवर्षी एखादा तरी धडा पुन्हा वाचतो. ती म्हणाली, "आगाय, हा चालत नाही."

"नाही चालणार," मी म्हटलं. "का ते सांगतो."

मी खडू घेतला आणि फळ्यावर डोंगर काढला. शेजारच्या तलास गावाच्या बाजूला जायचं असेल तर हा डोंगर मधे आहे की नाही? पलीकडे जायची इच्छा सगळ्यांना आहे, पण शिखर चढायची ताकद शंभरात एकाकडे. म्हणून गर्दी अलीकडेच बसून राहते. ह्या बाटलीतलं पेरॉक्साइडही असंच बसलंय. आपलं आपण मोडायला त्याला वर्षं लागतील. आता एक वाटाड्या येतो, ज्याला खिंड माहीत आहे. तो कोणाला पाठीवर घेत नाही, डोंगरही कापत नाही. फक्त कमी चढाची वाट दाखवतो, लोक पार होतात, आणि तो परत येऊन पुढच्या टोळीला नेतो. आपल्या गावातली अर्धी माणसं खताच्या कारखान्यावर जेवली. त्या खतातला नायट्रोजन हवेतून येतो, आणि नायट्रोजनला हलवायला लोखंडाचा वाटाड्या लागतो. तो नसता तर तेवढं धान्य पिकलं नसतं, आणि आपल्यातले कितीतरी जण आज ह्या बाकांवर नसते. तुमच्या पोटात सकाळचा पाव पचतोय तोही वाटाड्यांच्याच जोरावर. पण ह्या जिवंत वाटाड्याचं एक दुखणं आहे. त्याच्या अंगाची घडी फार नाजूक असते. ती घडी म्हणजेच त्याची वाट. उकळत्या पाण्यात ती उसवली की माणूस तोच दिसतो, पण खिंड विसरतो. हा तुकडा खिंड विसरलेला वाटाड्या आहे.

वर्ग शांत होता. ही शांतता मला ओळखीची आहे, वर्षातून दोन-तीनदा येते. मला त्या क्षणी समाधान वाटलं, खोटं का बोलू. पण राउझा मारातोव्हना उभ्या राहिल्या आणि हळुवारपणे म्हणाल्या की समजावलंत छान, पण अट प्रयोगाची होती आणि प्रयोग झालेला नाही. टॅबलेटवाल्या बाईंनी काहीतरी टिपलं. सागिंदिक साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. एकतीस वर्षं मी ज्या टेबलापाशी उभा राहिलो त्याच्या कडेवर मी हात ठेवला. ह्याला उद्या सुताराचा हात लागणार.

आणि दार उघडलं. रिस्ती आपा आत आल्या, डोक्याला पांढरा रुमाल, हातात ताकाचं भांडं. त्यांच्यामागे दोघी, बाउरसाकांची म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात आणि चहाचा थर्मास घेऊन. आणि सगळ्यांच्या मागे कुल्याश, तिचं लग्नकार्यातलं मखमली जाकीट घालून. ती माझ्याकडे बघत नव्हती. रागावलेली होतीच, पण घराची अब्रू म्हटल्यावर ती आली होती.

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत आपांनी मागच्या बाकावरचे मिशीवाले थोरले गृहस्थ हेरले. वरबाप शोभेल असा वर्गात दुसरा कोणी नव्हता. त्यांनी डब्यातल्या उरलेल्या चकत्या उचलल्या, ताकात बुडवल्या आणि स्वतःच्या हाताने साहेबांच्या तोंडाशी नेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी हाताने भरवत असताना आमच्याकडे तोंड मिटणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेबांनी आ केला. सकाळी न खाता निघालेला माणूस तो, डोळे मिटून चावत राहिला. आपांनी दुसरा घास दिला. टॅबलेटवाल्या बाईंनाही दिला. तिसरा घास माझ्या तोंडात कोंबला. मग रुमालाच्या टोकाला हात पुसून त्या समाधानाने म्हणाल्या:

"चला. झालं. आता मुलाचं नाव सांगा."

साहेबांचं चावणं थांबलं. कुठला मुलगा, त्यांनी विचारलं. आपा म्हणाल्या, तुमचा. साहेब म्हणाले, आजी, मला तीन मुलीच आहेत, मी शिक्षण खात्यातून आलोय. आपांनी माझ्याकडे बघितलं. कुल्याशने फळ्याकडे बघितलं, नळ्यांकडे बघितलं, पेरॉक्साइडच्या रिकाम्या बाटल्यांकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं की तिच्या नवऱ्याने आदल्या दिवशी अक्षर न अक्षर खरं सांगितलं होतं.

साहेब मात्र भेदरले होते. माणूस जुन्या वळणाचा. साक्षीदारांसमोर, ताकात बुडवून, भरवलेली चरबी-कलेजी पोटात गेली होती. कोणाशी, कशासाठी, हेच त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. उकडलेली कलेजी पेरॉक्साइडवर चालत नाही, हे मी आताच सिद्ध केलं होतं. माणसांवर ती हजार वर्षं चालत आलीय.

"साहेब," मी म्हटलं, "सोयरिक ह्या खोलीची आहे. माझ्या घरचं ताट तुम्ही खाल्लंत आणि ही खोली पदरात घेतलीत. आता टाकायची असेल तर टाका. मी सगळ्यांना एवढंच सांगेन, खाल्ली होती."

राउझा मारातोव्हना म्हणाल्या की ह्याला कायद्याचा काही आधार नाही.

"कायद्याआधीचं आहे हे," साहेब म्हणाले. त्यांनी घास गिळला. मग खांदे हलायला लागले, मिशा थरथरल्या, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता त्यांनी बाईंकडून टॅबलेट मागून घेतला, पण लगेच बोट वर केलं. खोली राहील, पण प्रयोग बघितल्याशिवाय ते सही करणार नव्हते. अट ती अट. सोमवारी ते पुन्हा येणार होते, आणि ह्या वेळी कलेजी कच्ची असली पाहिजे, बायकांनी कृपा करून तिला हात लावू नये. मग त्यांचं लक्ष मुख्याध्यापिकांकडे गेलं. ह्यांनी अजून खाल्लेली नाही, ते म्हणाले. राउझा मारातोव्हना डाएटवर होत्या. त्या डाएट हा शब्द उच्चारत असतानाच कुल्याश पुढे झाली आणि चांगला मोठा घास त्यांच्या तोंडात घातला. चरबीचाच. माझी बायको उगाच कुणाच्या वाटेला जात नाही.

सुताराला निरोप गेला. घरी जाताना कुल्याश माझ्याशी बोलली. ती म्हणाली, पुढच्या वेळी भोपळ्यावर प्रयोग करा.

सोमवारी साहेब एकटेच आले. कोट काढून मागे न बसता पहिल्या बाकावर, किम्बातच्या शेजारी बसले, आणि गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून आडवे करून बसले. अब्दीमानापने सकाळी स्वतः आणून दिलेली कलेजी लालभडक होती. राउझा मारातोव्हना दारात उभ्या होत्या, आत येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. मी म्हटलं, टाका. चोवीस मुलांनी टाकले आणि साहेबांनी पंचविसावा टाकला.

फेस आला. नळ्या भरून आला, तोंडाशी आला, बाहेर आला, बोटांवरून, बाकांवरून, साहेबांच्या बाहीवरून ओघळला. मुलं ओरडत होती आणि मी त्यांना गप्प करत नव्हतो. किम्बातने नळी हातात धरली आणि गरम झालीय म्हणाली. मग तिने चिमट्याने आपला तुकडा बाहेर काढला, धुतला, उलटसुलट करून बघितला आणि नव्या पेरॉक्साइडमध्ये टाकला. पुन्हा तसाच फेस.

साहेब बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. त्यांनी मला विचारलं की लहानपणी आम्हाला हे शिकवलं होतं का. मी म्हटलं, व्याख्या शिकवली असणार. त्यांनी मान हलवली, ओली बाही वर सरकवली आणि आपली नळी माझ्यापुढे धरली.

"पुन्हा करा," ते म्हणाले.

एकतीस वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी बाटली उघडली, तेवढ्यात दारातून राउझा मारातोव्हना पुढे आल्या, त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि साहेबांच्या नळीत स्वतः ओतली.